पियोप्पीची दुपार

आपल्यापैकी अनेकजण आता उन्हाळ्यात मुलांकडे युरोपात जातात. तेथे मुलांच्या मित्रमंडळींचा इटलीच्या समुद्रकिनारी एक दिवस घालविण्याचा बेत ठरतो, आणि लगेच प्रश्न निघतो: आजींना न्यायचे की घरी ठेवायचे? ‘त्यांना ऊन सोसायचे नाही’ असे म्हणून बहुधा त्यांना घरी ठेवले जाते. हा निर्णय कितपत योग्य, ते पियोप्पी या खेड्याचा एक दिवस डोळ्यांपुढे आणून पाहू या.

पियोप्पी हे नेपल्सच्या दक्षिणेस, चिलेंतोच्या डोंगराळ किनाऱ्यावरचे लहानसे गाव. अन्सेल कीज या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने पत्नी मार्गारेट यांच्यासह येथे अनेक वर्षे वास्तव्य केले. आहार आणि हृदयविकार यांचा संबंध शोधण्यासाठी त्यांनी १९५८ मध्ये सात देशांत अभ्यास आरंभिला. त्यावर आक्षेप पुष्कळ आले व त्यांतले काही रास्तही आहेत. कीज शंभर वर्षे जगले आणि त्यांचे सहकारी जेरेमिया स्टॅमलर, ज्यांचेही येथे घर होते, ते १०२ वर्षे. मात्र दोन माणसांवरून सिद्धांत होत नसतो. गावातल्या व्हिंचिप्रोवा वाड्यात आज भूमध्यसागरी आहाराचे संग्रहालय आहे; पण वृद्धांनी शिकावे असे अधिक काही मला या गावाच्या दिनक्रमात दिसते.

उन्हाळ्यात तेथला दिवस दोन तुकड्यांत जगला जातो. बाजारहाट, मासळी, समुद्रस्नान हे सारे सकाळी. मग जेवण, आणि त्यानंतर ‘कॉन्त्रोरा’, म्हणजे शब्दशः उलटी वेळ, अवेळ. या तासांत खिडक्यांच्या झडपा लावून माणसे घरात पडून राहतात. जुन्या समजुतीप्रमाणे या वेळी भुतेखेते फिरतात, म्हणून मुलांना बाहेर सोडीत नसत. आपल्या कोकणातही भर दुपारी बाराला मुलांना हेच सांगितले जाई! भुतांचे राहो, पण ज्या घटकांत सूर्य सर्वांत तापतो त्या घटकांत म्हाताऱ्या माणसाला आडवे पडण्याचा मान मिळतो, ही व्यवस्था शहाणपणाची आहे. तेव्हा मंडळींचा बेत अकराला निघण्याचा असेल, तर तो सातचा करा. आजींना घरी ठेवण्यापेक्षा हे सोपे आहे.

आता समुद्र. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी अगदी थोडी. त्या बाबतीत तो अरबी समुद्राहून सौम्य. तरी पियोप्पीचा किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नव्हे. रबरी तळव्याचे, पायात घट्ट बसणारे जोडे हवेतच. पाण्यात कमरेइतके, सावकाश आणि कोणाचा तरी हात धरून उतरावे. पाण्याच्या दाबाने पायांतले रक्त छातीकडे सरते व हृदयावर भार येतो. हृदयाचे कार्य मंद असणाऱ्यांनी म्हणूनच आधी डॉक्टरांना विचारावे. बाहेर येताना याच्या उलट घडते, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. आजी पाण्याबाहेर पाऊल टाकतील तेथेच खुर्ची मांडलेली असू द्या. जेवणानंतर दोन-तीन तास पाण्यात जायचे नाही, असा इटालियन आयांचा कडक दंडक आहे. वैद्यकशास्त्रात त्याला फारसा आधार नाही. परंतु उतारवयात जेवणानंतर अनेकांचा रक्तदाब खाली येतो, त्यामुळे आजी-आजोबांपुरता तो पाळावा.

दुपारच्या पानात ‘आक्वासाले’ असेल तर उत्तम. दोनदा भाजलेला कडक पाव पाण्यात भिजवून त्यावर टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि ओरेगॅनो. गरिबाघरचे, शिळे न टाकण्यासाठी जन्मलेले अन्न. कवळीलाही ते सोसते आणि पोटात पाणी जाते. वाइनचा पेला पुढे आला, तर रक्तदाबाच्या वा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तो नम्रपणे परतवावा. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता ते देत राहावे. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यातल्या मात्रेबद्दल निघण्यापूर्वी विचारा. ती आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

घरी ठेवणे सुरक्षित, असे मानणाऱ्यांना २००३ चा ऑगस्ट आठवावा. त्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० जादा मृत्यू झाले. बहुतेकजण पंचाहत्तरीपुढचे, आणि पुष्कळजण एकटे राहणारे होते. ऑगस्ट हा तेथे सुट्टीचा महिना. शेजारीपाजारी गावाला गेलेले. बंद, तापलेल्या घरात पाण्याचा पेला हाती देणारे कोणी नव्हते. किनाऱ्यावर छत्रीखाली बसलेल्या आजींच्या जवळ निदान चार माणसे असतात. बोलण्यात गोंधळ, तोल जाणे, अंग तापणे ही उष्माघाताची लक्षणे त्यांच्या तत्काळ ध्यानात येतात. तसे दिसल्यास सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि ११२ ला फोन करावा. हा क्रमांक युरोपात चालतो तसा भारतातही.

काळजी घेणाऱ्या सुनेस वा मुलीस एक सांगणे. मित्रमंडळी सोबत आहेत, तर तासातासाची पाळी लावा. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांशेजारी अर्धा दिवस तुम्हीच बसून राहिलात, तर तुमची सहल झालीच नाही. त्यांच्या खिशात नाव, फोन क्रमांक आणि औषधांची चिठ्ठी ठेवा, शेजारी बसणाऱ्याला दोन गोष्टी समजावून सांगा आणि खुशाल पोहायला जा.

सहानंतर झडपा उघडतात आणि सारे गाव हळूहळू ‘पास्सेज्जाता’ला, सायंफेरीला बाहेर पडते. जून-जुलैत तेथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई नसते. दर पन्नास पावलांवर कोणी तरी थांबून बोलते, आणि त्या थांबण्यात गुडघ्यांना विश्रांती मिळते. रात्रीचे जेवण नऊच्या आत क्वचितच पुढ्यात येते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन जेवणाशी जोडलेले असेल, तर ते हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे नव्हे, ताट समोर आल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितले असेल त्याप्रमाणेच घ्यावे. तोवर पिशवीत दोन अंजिरे असू द्यावीत. चिलेंतोची पांढरी अंजिरे नावाजलेली आहेत, गोडही फार, तेव्हा दोनच.