पहारेकरी आल्याशिवाय जागा सोडू नये



मागच्या हिवाळ्यात दिल्लीला जाण्याचा योग आला. राष्ट्रपती भवनासमोर पहारा बदलण्याचा सोहळा लोकांना पाहता येतो, तो पाहिला. बँड वाजतो, राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचे उंचेपुरे घोडे येतात. हे दल १७७३ सालचे. जुनी आणि नवी तुकडी समोरासमोर उभी राहते, सलामी होते, आणि नव्यांनी जागा घेतल्यावरच जुने निघतात. लंडनला बकिंगहॅम राजवाड्यापुढे तर जुनी तुकडी राजवाड्याच्या किल्ल्याच नव्या तुकडीच्या हाती देते. थाट वेगळा, पण मतलब एकच. जागा क्षणभरही रिकामी राहता कामा नये.

आपल्या खानदेशाला पहारा काही नवा नाही. जेम्स औट्रमने १८२५ साली भिल्ल पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावला होते. गावोगावचा जागल्या तर त्याच्याही आधीचा. पांझरेच्या काठी शेकडो वर्षे चाललेल्या फड पद्धतीत पाटकरी, बारेकरी, हवालदार आणि जागल्या अशी माणसे गावानेच नेमलेली असत. पाणी कोणी सोडायचे, भिजवायचे कोणी, राखायचे कोणी, हे ठरलेले असे.

हे सांगण्याचे कारण माझी एक जुनी चूक. नोकरीच्या सुरुवातीला धुळे तालुक्यातल्या एका गावात मी रब्बीच्या पाण्याचे वेळापत्रक करून दिले. कोणाची पाळी किती वाजता, हे अगदी मिनिटावर लिहिले. एका रात्री दोन वाजता एका भावाची पाळी संपली. तो दारे तसेच उघडे ठेवून घरी गेला. पुढची पाळी चुलत भावाची, त्याला झोप लागली. पहाटेपर्यंत पाणी नाल्याला वाहिले आणि शेवटच्या टोकाचा ओंबीवर आलेला गहू कोरडा राहिला. तो गहू एका विधवा बाईचा होता. दोघे भाऊ म्हणाले, आमची चूक नाही. कागदाप्रमाणे ते खरेच होते. पाणी कोणी कोणाच्या हाती द्यायचे, हे मी लिहिलेच नव्हते.

तेव्हापासून मी प्रत्येक गावात चार गोष्टी सांगतो. पुढच्या पाळीवाल्याने पाव तास आधी चारीवर यावे. दोघांनी मिळून दारे पाहावे, चारी कुठे फुटली असेल तर दाखवावी. वेळ वहीत लिहून दोघांनी सही करावी. आणि पुढचा आला नाही, तर आधीच्याने दारे बंद करून त्याला उठवावे, मगच घरी जावे.

२००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांच्या हाती कारभार दिला आहे. पण रात्री दोन वाजता चारीवर कायदा येत नाही, माणूसच यावा लागतो.

घरातही हेच आहे. सासूने सुनेच्या, बापाने मुलाच्या हाती कारभार द्यावा तो समोर बसून, बी-बियाणे, देणे-घेणे, बांधाच्या खुणा दाखवून. न सांगता सोडलेली जागा ही रिकामीच जागा.

यंदा पहिली पाळी सुटेल तेव्हा वही आणि कंदील नाही तर बॅटरी, दोन्ही बरोबर ठेवा.