सावित्रीचा ‘थालवेग’ कोण मोजणार?

महाड, प्रतिनिधी – सर क्रीकचा वाद पुन्हा डोके वर काढतो तेव्हा ‘थालवेग’ हा एक अपरिचित शब्दही चर्चेत येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी भुज येथून पाकिस्तानला या खाडीबाबत इशारा दिला, त्या निमित्तानेही तो कानावर पडला. शब्द मूळचा जर्मन. इंग्रजीत तो विधिज्ञ आणि नदीचे अभ्यासक यांच्यापुरताच राहिला. ‘थाल’ म्हणजे दरी, ‘वेग’ म्हणजे वाट. मराठी कानाला हा ‘तळ’ आणि ‘वेग’ यांचा समास वाटावा. ही व्युत्पत्ती चुकीची असली, तरी अर्थापासून फार दूर नाही. नदीच्या तळातील सर्वांत खोल बिंदू जोडत जाणारी रेघ म्हणजे थालवेग.

सन १८०१ च्या ल्युनेव्हिलच्या तहात ऱ्हाइन नदीतील हीच रेघ फ्रान्सची सीमा ठरली. पुढे जलवाहतूक चालणाऱ्या नद्यांच्या बाबतीत हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्यात रुजले. सर क्रीकचा वादही मुंबईशी जोडलेला आहे. कच्छ आणि सिंध यांच्या हद्दीबाबत तत्कालीन मुंबई सरकारने १९१४ मध्ये केलेल्या ठरावाचा दोन्ही देश आपापल्या सोयीने अर्थ लावतात. सीमा खाडीच्या मध्यप्रवाहातून जाते, असे भारत म्हणतो, तर नकाशातील पूर्व काठावरची रेषा पाकिस्तान पुढे करतो.

मात्र या शब्दाचा दुसरा अर्थ कायद्याचा नसून पुराचा आहे, आणि तो महाड, पोलादपूरकरांच्या अधिक जवळचा आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला येते. काळ आणि गांधारी तिला याच परिसरात मिळतात. तेथून पुढे तुडीलसह महाडचा खाडीपट्टा लागतो आणि भरतीचे पाणी समोरून येऊ लागते. तीव्र उतारावरून आणलेली माती, दगडगोटे नदी सपाटीवर टाकणारच. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तळियेवर दरड कोसळली आणि महाड शहर पाण्याखाली गेले. त्यानंतर पात्रातील गाळ आणि बेटे काढण्याचे काम हाती घेण्यात आले.

ते आवश्यकच होते. प्रश्न मोजमापाचा आहे. अशा कामांची प्रगती सहसा घनमीटरमध्ये सांगितली जाते. किती गाळ निघाला, किती डंपर भरले, हे आकडे डोळ्यांत भरतात. परंतु पुराचे पाणी ओसरण्यासाठी खाडीच्या मुखापर्यंतचा तळाचा उतार सलग असावा लागतो. महाडजवळ पात्र दोन मीटर खोल केले आणि काही अंतरावर खालचा उंचवटा तसाच राहिला, तर वर केवळ डोह तयार होईल आणि पुढील एकदोन पावसाळ्यांत तो भरूनही जाईल. शिवाय ही खोल रेघ एका जागी स्वस्थ बसत नाही. वळणावर ती बाहेरच्या काठाला लागते आणि तो पोखरते, तर आतल्या बाजूला गाळ साचतो. बाणकोटहून दासगावपर्यंत बोटी चालत होत्या त्या काळात तांडेलांना ही वाट पाठ असे. वाट चुकली तर तारू रुतत असल्याने हे ज्ञान कोणी विसरत नसे!

वाळूउपशाने या गणितात आणखी गुंतागुंत केली आहे. सक्शन पंपाने एकाच ठिकाणी खोल खड्डा पडतो, तो भरण्यासाठी प्रवाह वरच्या बाजूचा तळ ओढून नेतो आणि काठ ढासळू लागतात. म्हणजे गाळ काढणे आणि वाळू काढणे ही दोन्ही कामे त्याच एका रेघेवर चालतात, पण त्यांचा हिशेब वेगवेगळ्या कार्यालयांत होतो. त्यात आंबेत-म्हाप्रळच्या खाली उत्तर काठ रायगडचा आणि दक्षिण काठ रत्नागिरीचा. एका काठाची कागदपत्रे अलिबागला, दुसऱ्याची रत्नागिरीला, आणि प्रवाह मात्र एकच.

दासगावनजीकच्या कोकण रेल्वेच्या भरावामुळे पाणी अडते, हा महाडकरांचा जुना आक्षेप आहे. तो कितपत खरा, याचे उत्तरही तळाचा उतार आणि पुराची पातळी एकत्र मांडल्याशिवाय मिळणार नाही. अर्थात, उतार कितीही साधला तरी पूर आणि मोठी भरती एकाच वेळी आल्यास पाणी तुंबणारच. गाळ काढला म्हणजे महाड पूरमुक्त झाले, असे आश्वासन कोणी देऊ नये.

यासाठी लागणारी साधने नवीन नाहीत. बोटीवरून ध्वनिलहरींच्या साहाय्याने खोली मोजणे ही आता नित्याची पद्धत आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पोलादपूरपासून बाणकोटच्या मुखापर्यंतचा तळाचा छेद दोन्ही जिल्ह्यांनी मिळून तयार करावा आणि तो ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावा. तसे झाल्यास तुडीलच्या ग्रामस्थालाही वर महाडला उपसलेल्या पात्राचा उतार आपल्या बाजूला कोठे तुटतो, हे पाहता येईल.