लाटांवरची सुट्टी : किनारा निवडण्यापूर्वी



मार्च महिना उजाडला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे कागद येऊ लागतात. पहिला शाळेत द्यावयाचा आजारपणाचा दाखला आणि दुसरा उन्हाळी शिबिरासाठी लागणारे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. गेल्या पंधरवड्यात या दुसऱ्या प्रकारात एक नवा कागद आला. अनेक वर्षे माझ्याकडे येणारे एक कुटुंब मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात केरळातील वर्कला येथे सर्फिंग शिकण्यासाठी जाणार होते. आई, वडील, पंधरा वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी. प्रशिक्षणाचे अर्ज भरून तयार होते. माझी सही आणि शिक्का एवढेच बाकी होते.

सही करण्यापूर्वी मी विचारले, "पोहता कोणाकोणाला येते?"

"मला येतं, डॉक्टरकाका. सोसायटीच्या तलावात रोज जातो," मुलगा म्हणाला. वडिलांना 'थोडेफार' येत होते. आईला येत नव्हते. मुलगी काही बोलली नाही.

"आणि ठिकाण कसे ठरवलेत?"

"फोटो फार सुंदर होते डॉक्टर, आणि तिकिटेही स्वस्तात मिळत होती," वडील म्हणाले.

मी त्या दिवशी सही केली नाही. त्यामागचे कारण आपल्यालाही सांगावेसे वाटते, कारण उन्हाळी सुट्टीचे बेत याच सुमारास घरोघरी आखले जात असतात.

वैद्यकीय अधिकारी म्हणून माझी पहिली नेमणूक कोकणातील किनाऱ्यालगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली होती. मे महिन्यातील एका रविवारी दुपारी दोन सख्ख्या भावांना जीपमधून आणण्यात आले. धाकटा कमरेएवढ्या पाण्यात खेळत असता आत ओढला गेला होता आणि थोरला त्याला वाचवायला धावला होता. धाकट्याला मच्छीमारांनी होडीत ओढून घेतले, तो वाचला. थोरला गेला. तो उत्तम पोहणारा होता, हे त्याचे वडील मला पुन्हापुन्हा सांगत होते. किनाऱ्यावर जमलेल्या लोकांनी त्याला पालथे घालून पोटातले पाणी काढण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यातच मोलाची मिनिटे निघून गेली होती. त्याला कोणीही श्वास दिला नव्हता. त्या दिवशी आकाश निरभ्र होते आणि वाराही बेताचाच होता. या गोष्टीला अठ्ठावीस वर्षे झाली, तरी मे महिना आणि समुद्र हे शब्द एकत्र आले की मला ती जीप आठवते.

याचा अर्थ मी सर्फिंगच्या विरोधात आहे असे कृपया समजू नये. लाटेवर फळी घेऊन उभे राहण्याचा हा खेळ खांदे, पाठ, पाय आणि तोल या सर्वांना उत्तम व्यायाम देतो. मुलांना दोन तास पडद्यापासून दूर ठेवतो, हा लाभ आजच्या पालकांना वेगळा सांगायला नको. आपल्या देशातही हा खेळ आता रुजला आहे. कर्नाटकातील मुळकी येथे जॅक हेबनर या अमेरिकी साधकाने २००४ साली आपल्या आश्रमातून तो शिकवण्यास प्रारंभ केला, २०११ मध्ये भारतीय सर्फिंग महासंघ स्थापन झाला आणि टोकियो येथील स्पर्धांपासून हा ऑलिंपिक खेळही झाला. माझा आग्रह इतकाच, की महिना आणि माणसे पाहून किनारा निवडावा.

सुट्टी लागते, तेव्हा समुद्र बदलतो

अडचण अशी आहे, की आपल्या मुलांच्या परीक्षा संपतात तेव्हाच पश्चिम किनाऱ्यावरील समुद्राचा सौम्य काळ संपत आलेला असतो. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत गोवा, कर्नाटक आणि केरळ येथे लाटा सामान्यतः लहान व शिकाऊंना झेपणाऱ्या असतात. एप्रिलच्या उत्तरार्धापासून हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे हिवाळा जवळ येतो आणि तेथे मोठी वादळे उठू लागतात. त्या वादळांनी निर्माण केलेल्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोहोचतात. त्यामुळे येथे ऊन स्वच्छ पडलेले असते, वारा नसतो, तरीही पाणी एकाएकी चढते. केरळातील मच्छीमार यास 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. मे २०२४ मध्ये असा इशारा दिलेला असताना कन्याकुमारी जिल्ह्यातील किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. डॉक्टर होण्याच्या उंबरठ्यावरची ती मुले होती.

हे इशारे हैदराबाद येथील 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था देते. प्रवासाच्या आधी आठवडाभर आणि तेथे असताना रोज सकाळी ते पाहावेत. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्यामागे पिढ्यान्पिढ्यांचे हेच शहाणपण आहे. जूनपासूनचा पश्चिम समुद्र नवशिक्यांसाठी नाही, हे निःसंशय.

कोणता किनारा, कोणासाठी?

उत्तर गोव्यातील मोरजी, आश्वे, मांद्रे आणि हरमल या किनाऱ्यांचा तळ वाळूचा आहे, लाटा बेताच्या असतात आणि अनेक ठिकाणी जीवरक्षक तैनात असतात. म्हापशाला जिल्हा रुग्णालय आहे आणि बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. लहान मुले असलेल्या कुटुंबाने प्रथम या ठिकाणांचा विचार करावा. मात्र बेत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकावा.

मुळकी हे मंगळुरूच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरवर, शांभवी नदीच्या मुखाजवळ आहे. कोकण रेल्वेने थेट जाता येते, शिकवण्याची परंपरा जुनी आहे आणि मंगळुरूची मोठी रुग्णालये तासाभराच्या अंतरावर आहेत. तेथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या परिसरातील राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा मेअखेर किंवा जूनच्या प्रारंभी भरतात, कारण तेव्हा लाटा मोठ्या मिळतात. स्पर्धकाला जो आठवडा हवाहवासा वाटतो, तो शिकाऊ मुलाने टाळायचा असतो.

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवरील कोवलम हे मच्छीमारांचे गाव पूर्व किनाऱ्यावरील सर्फिंगचे मोठे केंद्र आहे. येथे अडचण उन्हाची. मे महिन्यातील कडक उन्हाळ्याला तमिळ लोक 'अग्नी नक्षत्र' म्हणतात, ते उगाच नव्हे. रक्तदाबाची औषधे घेणारे आजी-आजोबा बरोबर असतील, तर दुसरे ठिकाण पाहावे.

परदेशी जाणाऱ्यांपैकी पुष्कळजण श्रीलंका निवडतात. तेथे एकाच बेटावर दोन ऋतू आहेत. दक्षिणेकडील वेलिगामाचा वाळूचा उपसागर शिकाऊंना उत्तम, परंतु नोव्हेंबर ते एप्रिल या काळात. मे महिन्यापासून हंगाम पूर्वेकडील अरुगम बे येथे सरकतो. तेथील मुख्य लाट खडकाळ टोकापाशी फुटते आणि ती जाणकारांची आहे. शिकाऊंसाठी जवळपास सौम्य जागा आहेत, पण मोठे रुग्णालय दूर आहे, हे विसरू नये. इंडोनेशियातील बाली येथे एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम असतो. कुटा येथे वाळू आहे, तर उलुवातूला तीक्ष्ण प्रवाळ. प्रवाळाची जखम लहान दिसते, पण ती चिघळते. शिवाय बालीमध्ये २००८ पासून रेबीजचा प्रादुर्भाव आहे. तेथील कुत्रा किंवा माकड चावले अथवा ओरखडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी लस सुरू करावी.

एवढी ठिकाणे सांगितली, तरी निवडीची कसोटी एकच आहे. घरातील सर्वांत कच्च्या पोहणाऱ्याला जो किनारा झेपेल, तोच साऱ्या कुटुंबाचा किनारा. आपण नेमके उलट करतो. मुलगा तरबेज म्हणून त्याच्या हौसेचे ठिकाण ठरते आणि मग त्याच्या मागून धाकटी बहीण पाण्यात उतरते, तिच्या मागून पोहता न येणारी आई.

समुद्राची ओढ ओळखा

लाटांनी किनाऱ्याकडे आणलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत खेचले जाते. यालाच रिप करंट म्हणतात. गंमत अशी, की या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसते आणि अनोळखी पर्यटक नेमकी तीच जागा निवडतो. ही ओढ माणसाला पाण्याखाली नेत नाही, ती किनाऱ्यापासून दूर नेते. तिच्याविरुद्ध पोहत राहिल्यामुळे माणूस थकतो आणि मग बुडतो. तेव्हा उताणे तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावे. फळी बरोबर असेल तर ती सोडू नये, ती आपल्याला तरंगत ठेवते. दुसरा कोणी अडकला तर त्याच्यामागे रिकाम्या हाताने उडी मारू नये. जीवरक्षकाला हाक द्यावी आणि त्याच्याकडे तरंगणारी वस्तू फेकावी. त्या थोरल्या भावाला हे कोणी सांगितले नव्हते.

निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला

अपस्माराचा म्हणजे फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी तज्ज्ञांच्या संमतीविना समुद्रात उतरू नये. कानाच्या पडद्याला छिद्र असल्यास हा खेळ टाळावा. दम्याच्या मुलाचा इन्हेलर हॉटेलच्या खोलीत न राहता किनाऱ्यावर प्रशिक्षकाजवळ असावा. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात. धनुर्वाताच्या लसीची तारीख पाहावी.

एक दुर्मीळ गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती प्रथमच सर्फिंग करणाऱ्या निरोगी तरुणांत आढळते. फळीवर पालथे पडून पाठ दीर्घकाळ मागे वाकवलेली राहिल्याने मज्जारज्जूचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. हवाईतील डॉक्टरांनी २००४ साली याचे वर्णन प्रसिद्ध केले. पाठीत अचानक कळ येणे, पायांना मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी न होणे यांपैकी काहीही जाणवले तर 'थोडे आखडले असेल' असे म्हणू नये. तत्काळ पाण्याबाहेर येऊन मोठे रुग्णालय गाठावे. पहिल्या दिवशी तासाभराहून अधिक सराव करू नये, मध्येमध्ये फळीवर उठून बसावे आणि पाणी पीत राहावे.

वेळ सकाळची ठेवावी. नऊच्या आत पाण्याबाहेर यावे. तोवर समुद्र वाऱ्याने खवळलेला नसतो आणि ऊनही कोवळे असते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख कोणत्याही मलमापेक्षा अधिक संरक्षण देतो. उघड्या भागाला सनस्क्रीन लावावे. पडताना दोन्ही हातांनी डोके झाकावे, कारण अनेक जखमा आपल्याच फळीने होतात. जेलीफिश डसल्यास चोळू नये किंवा गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवून डॉक्टरांना दाखवावे.

आणि शेवटी, ज्यावाचून मी कोणालाही समुद्रावर पाठवू इच्छित नाही, ते शिक्षण. बुडालेला माणूस श्वास घेत नसेल, तर पोट दाबण्यात किंवा उलटे टांगण्यात एक क्षणही दवडू नका. उताणे निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी तीस वेळा जोराने व वेगाने दाब द्या, पुन्हा दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच चक्र चालू ठेवा. दुसऱ्या कोणी १०८ क्रमांक फिरवावा. बाहेर काढल्यावर शुद्धीवर आलेला, पण खोकत राहिलेला किंवा धाप लागलेला माणूसही रुग्णालयात नेलाच पाहिजे. घरातील दोघांनी तरी ही क्रिया निघण्यापूर्वी प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

त्या कुटुंबाची आणि माझी मग दोनदा बैठक झाली. मुलगा रुसला, हे लपवत नाही. मेचा तिसरा आठवडा रद्द झाला. मुलीची परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपते, त्यानंतर लगेच चार दिवस ते आश्वे येथे जाणार आहेत. आई आणि मुलगी दोघींनी पोहण्याचा वर्ग लावला आहे. माझी अट साधी आहे. खोल पाण्यात आधाराविना दहा मिनिटे तरंगून दाखवावे. दिवाळीच्या सुट्टीत समुद्र पुन्हा शांत होतो, तेव्हा मुळकीचा बेत मुलासाठी राखून ठेवला आहे.

ते चार अर्ज अजून माझ्या खणात आहेत. परवा मुलगी दवाखान्यात डोकावून सांगून गेली, "काका, सहा मिनिटं झाली." दहा झाली, की मी सही करणार आहे.