जुजू नोदा आणि वजनाच्या सवलतीचा वाद

जपानच्या जुजू नोदाने २०२० मध्ये, चौदाव्या वर्षी, डेन्मार्कच्या फॉर्म्युला-४ मालिकेतील पदार्पणाची शर्यत जिंकली. वडील हिदेकी नोदा हे माजी फॉर्म्युला-वन चालक. त्यामुळे घरातूनच मार्गदर्शन होते. २०२३ मध्ये फ्रान्समधील पॉल रिकार्ड येथे युरोफॉर्म्युला ओपनची शर्यत जिंकणारी ती पहिली महिला ठरली. मात्र महिला चालकांना किमान वजनात दिलेल्या सवलतीवरून वाद पेटला, सवलत मागे घेण्यात आली आणि तिचा संघ मालिकेतून बाहेर पडला. सवलत योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. पण ऐन हंगामात, विजयानंतर नियम फिरवणे समर्थनीय नव्हे. २०२४ मध्ये, अठराव्या वर्षी, ती मायदेशातील सुपर फॉर्म्युलामध्ये उतरली. त्या हंगामात तिला एकही गुण मिळाला नाही.