मुंडा हाही दस्तऐवजच : मेळघाटातील वनहक्कांचा लढा

१/ सनदा, बखरी, मोडीतील कागद म्हणजे इतिहास, अशी आपणां इतिहासप्रेमींची समजूत असते. मेळघाटातील कोरकूंचा जमिनीसाठीचा लढा या समजुतीलाच प्रश्न विचारतो. ज्यांची नोंद कोणी ठेवलीच नाही, त्यांनी पुरावा कोठून आणावा?

२/ १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १८८६ मध्ये वऱ्हाडसाठी स्वतंत्र वनकायदा झाला. गाविलगडच्या डोंगरांतील सागाचे जंगल ‘राखीव’ ठरले आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी माणसे कागदोपत्री परकी झाली.

३/ स्वातंत्र्यानंतरही हा कागद बदलला नाही. देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला, तेव्हा वाघाला घर मिळाले. कोरकूंच्या घराचा प्रश्न तसाच राहिला.

४/ वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली या कायद्याच्या प्रस्तावनेतच आहे. त्याहून मोठी गोष्ट मात्र नियम १३ मध्ये दडलेली आहे.

५/ सरकारी कागदांबरोबरच गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, जुन्या विहिरी, स्मशानभूमी, देवस्थाने हेही तेथे पुरावे मानले आहेत. दाव्यासाठी एकाहून अधिक पुरावे लागतात. अमुकच कागद आणा, असा हट्ट समित्यांनी धरू नये, हे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

६/ आता कोरकूंचा ‘मुंडा’ आठवावा. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेला हा कोरीव लाकडी स्तंभ. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार. आमचे पूर्वज येथे होते, हे सांगणारा याहून स्पष्ट लेख कोणता?

७/ आक्षेप येईल की आठवणी खोट्या असू शकतात. खऱ्याच, पण बनावट सनदाही आपण पाहिल्या आहेत. साधन कोणतेही असो, ते तपासूनच घ्यावे लागते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डेल्गामूक्व खटल्यात मौखिक इतिहासाला लिखित कागदांच्या बरोबरीचे स्थान दिले.

८/ आपल्याकडे १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. लाखो कुटुंबांचे भवितव्य त्या पंधरा दिवसांत टांगणीला लागले होते. ते दावे फेटाळताना कोणते पुरावे पाहिले आणि कोणते बाजूला सारले, हाच खरा प्रश्न आहे.

९/ मेळघाटातील काही गावे अकोला जिल्ह्यात, अकोटच्या बाजूला हलवण्यात आली. हक्कांची नोंद पूर्ण करून आणि ग्रामसभेची लेखी संमती घेऊनच असे स्थलांतर व्हावे, असे कायदा सांगतो. कारण गाव हलले तरी विहीर आणि स्मशान मागेच राहतात. हक्क नोंदवण्याआधीच माणसे हलवली, तर पुरावाच मागे सुटतो.

१०/ हक्क मिळाले की जंगल संपते, ही भीती पायविहीरने खोटी ठरवली. अमरावती जिल्ह्यातील या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकड्या गावाने पुन्हा हिरव्या केल्या, सीताफळांतून उत्पन्न उभे केले आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

११/ म्हणून माझे मत असे : कागदालाच इतिहास मानणारी आपली दृष्टी या अन्यायात नकळत सहभागी होते. गाविलगड पाहायला जाल, तेव्हा दरवाजावरील शिल्पे जरूर न्याहाळा. त्याच आदराने कोरकूंचा मुंडाही वाचा.