दात दुखतो, पण तोंड उघडत नाही

"गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील!" ही धमकी आपणच देतो. मग दात दुखला तरी मूल तोंड उघडत नाही. आता काही ठिकाणी उपचाराच्या वेळी मुलांना व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा लावतात. डोळ्यांसमोर समुद्र, मासे दिसतात. लक्ष तिकडे गुंतले की भीती आणि दुखणे कमी जाणवते. तिरोड्यात असा चष्मा मिळाला नाही, तरी १९५९ पासूनची एक बिनखर्चाची पद्धत आहेच: डॉक्टरांनी आधी सांगायचे, आरसा-हत्यार दाखवायचे, मगच करायचे. अम्मी-अब्बांनी "काहीच दुखणार नाही" असे खोटे सांगू नये. हात धरून बसावे. आणि दुधाचे २० दात पडणारच म्हणून दुर्लक्ष नको. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा डॉक्टरांना दाखवा, म्हणजे दुखण्याआधी दवाखान्याची ओळख होईल.