‘मूनचाइल्ड’ वगळून ऐकणाऱ्यांविषयी

किंग क्रिम्झन या इंग्रज बँडचा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’ हा पहिला अल्बम १० ऑक्टोबर १९६९ रोजी प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आजतागायत श्रोत्यांनी त्याच्याविषयी मतांचा जो ढीग रचला आहे, तो सलग वाचून पाहावा. मते असंख्य, पण विधाने मोजून चार. प्रोग्रेसिव्ह रॉकचा जन्म इथे झाला. या मंडळींना पुन्हा असे काही जमले नाही. गीतांचे शब्द फार जडजंबाल आहेत. आणि चौथे, सर्वांत लाडके विधान असे की अल्बम थोर आहे, फक्त ‘मूनचाइल्ड’ वगळून ऐका. आमचे भांडण मुख्यतः या चौथ्या विधानाशी आहे. पहिल्या दोघांचा समाचार वाटेतच घेऊ. तिसरे बऱ्याच अंशी खरे आहे, म्हणून त्याच्याशी आमचे वैर नाही.

मराठी शिकवणाऱ्यांनी या उठाठेवीत का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. ‘मला कंटाळा आला’ हे वाक्य निकाल म्हणून सांगितले जाते आणि निकाल म्हणूनच स्वीकारले जाते, ही गोष्ट आम्ही रोज वर्गात पाहतो. त्या वाक्याची जितकी निर्भेळ रूपे या अल्बमभोवती सापडतात तितकी दुसरीकडे क्वचितच सापडतील. शिवाय इथे आपल्या साहित्यातले गटतट, नातीगोती आणि पुरस्कार मध्ये येत नाहीत, त्यामुळे रोगाचे निदान निर्वेधपणे करता येते.

आधी पहिलेपणाचे पाहू. एडवर्ड मॅकन यांच्यासारख्या अभ्यासकाने ‘रॉकिंग द क्लासिक्स’ (१९९७) या ग्रंथात या अल्बमच्या प्रभावाला फार मोठे स्थान दिले आहे, आणि ते रास्तच आहे. परंतु प्रभाव ही एक गोष्ट आणि पहिलेपणा ही दुसरी. मूडी ब्लूजने १९६७ मध्येच वाद्यवृंद आणि मेलोट्रॉन रॉकच्या अंगणात आणून उभे केले होते. श्रोत्याला मात्र जन्मदाखला हवा असतो, कारण दाखला मिळाला की ऐकण्याची जबाबदारी संपते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतली पहिली कादंबरी, हे आपल्या विद्यार्थ्याला एका गुणासाठी पाठ असते. यमुनेचे पर्यटन त्याच्यासोबत कोणी केलेले नसते. ‘पहिला’ हे विशेषण बहुधा न वाचलेल्या आणि न ऐकलेल्या कृतींच्याच वाट्याला येते.

‘पुन्हा असे जमले नाही’ या विधानात तर वस्तुस्थितीचाच घोटाळा आहे. हा बँड जानेवारी १९६९ मध्ये तालमीला बसला. जुलैत त्याने लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी, लाखोंच्या जमावासमोर वादन केले. ऑक्टोबरमध्ये अल्बम आला. डिसेंबरात, अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच, इयन मॅक्डॉनल्ड आणि मायकल जाइल्स यांनी बँड सोडण्याचे ठरवले. पुढच्या वर्षी गायक ग्रेग लेकही गेला. वाद्ये वाजवणाऱ्या चौघांपैकी टिकून राहिला तो एकटा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. म्हणजे ज्याला आपण पदार्पण म्हणतो तो त्या चौघांचा एकत्रित असा पहिला आणि शेवटचाच स्टुडिओ अल्बम आहे. ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’ (१९७३), ‘रेड’ (१९७४) किंवा ‘डिसिप्लिन’ (१९८१) हे ज्यांनी केले ती माणसे बहुतांशी वेगळी होती. त्यांना ‘पूर्वीसारखे’ जमले नाही असे म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाने आपल्या वडिलांचा वारसा चालवला नाही म्हणून हळहळण्यासारखे आहे. ‘कोसला’ची (१९६३) पट्टी घेऊन नेमाड्यांच्या पुढच्या प्रत्येक कादंबरीची उंची मोजणाऱ्या वाचकांची इथे आठवण होते. तिथे निदान लेखक तरी एकच आहे.

शब्दांविषयीची तक्रार आम्हाला मान्य आहे. पीटर सिनफील्ड यांची गीते, विशेषतः शीर्षकगीत, राजदरबार, विदूषक, जादूगारीण अशा उसन्या मध्ययुगीन सामानाने खच्चून भरलेली आहेत. ‘२१स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’मध्ये मात्र हेच सिनफील्ड वाक्यांची मोडतोड करून नुसत्या प्रतिमांचे तुकडे फेकतात, आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळातली ती विदीर्ण भाषा लेकच्या मुद्दाम विकृत केलेल्या आवाजात आजही अंगावर येते. एकाच अल्बममध्ये एकाच कवीची दोन वळणे! या फरकाची दखल घेणारा श्रोता आम्हाला फार क्वचित भेटला. बहुतेकांचा ‘शब्द’ या विषयावरचा अभिप्राय सरसकट असतो.

आता ‘मूनचाइल्ड’.

हे सुमारे बारा मिनिटांचे आहे. पहिल्या अडीच मिनिटांत एक हळुवार गीत होऊन जाते. नंतर गीत विरते आणि जवळजवळ दहा मिनिटे गिटार, व्हायब्राफोन आणि ड्रम्स यांचे अत्यंत हलक्या आवाजातले उत्स्फूर्त वादन चालते. ठेका नाही, धून नाही, आरोह नाही. एक वाद्य दोन-तीन स्वर टाकते, थांबते. दुसरे त्याकडे वळून पाहते, किंवा पाहत नाही. झांजेचा कंप पूर्ण विझेपर्यंत वाट पाहिली जाते. मध्येच फ्रिप ‘ओक्लाहोमा!’ या जुन्या ब्रॉडवे संगीतिकेतल्या एका सुरावटीला चिमटा काढून पुढे सरकतो. बाकी काही ‘घडत’ नाही.

श्रोत्यांचा संताप नेमका यावर आहे. भरताड, वेळकाढूपणा, तबकडीची बाजू भरण्यासाठी केलेली युक्ती अशी या दहा मिनिटांची संभावना होते. पाचपैकी एक तारा यासाठीच कापला जातो. गंमत अशी की हेच श्रोते अल्बमला ‘धाडसी’ म्हणतात. धाडस कशात होते, हे मात्र सांगत नाहीत. ‘स्किझॉइड मॅन’ कर्कश असले तरी त्यातला जोश रॉकच्या श्रोत्याला ओळखीचा आहे. ‘एपिटाफ’ची भव्यता तर सर्वांनाच आवडते. (ही ‘वाद्यवृंदीय’ भव्यता मेलोट्रॉनची आहे. त्याची पट्टी दाबली की खाली एक चुंबकीय फीत सरकू लागते आणि साधारण आठ सेकंदांत संपते. मग हात उचलावाच लागतो. ज्यांना त्यात शंभर व्हायोलिने ऐकू येतात त्यांनी वादकाच्या या अडचणीकडेही थोडे कान द्यावेत. त्या दीर्घ स्वरांतली किंचित थरथर, किंचित तुटलेपण तिथून येते.) या दोन्ही गाण्यांत श्रोत्याला हवे ते मिळते, फक्त अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात मिळते. श्रोत्याला हवे ते द्यायचेच नाही असा निर्णय या अल्बममध्ये एकाच ठिकाणी घेतलेला आहे, आणि त्याच ठिकाणी धाडसाचे भोक्ते पुढे सरकतात.

शिवाय या वादनाची जागा पाहा. १९६९ च्या तबकडीवर पहिल्या बाजूला तीन गाणी होती. ‘एपिटाफ’चा शोक संपला की श्रोत्याला उठावे लागे, तबकडी उलटावी लागे, आणि दुसऱ्या बाजूचा प्रारंभ होई तो ‘मूनचाइल्ड’ने. त्या दहा मिनिटांत कान इतके बारीक होतात की पुढचे शीर्षकगीत ड्रम्सच्या आघातासह कोसळते तेव्हा त्याची विशालता आवाजाच्या पातळीमुळे वाटत नाही, आधीच्या शांततेमुळे वाटते. ज्याने ‘मूनचाइल्ड’ वगळले त्याने शीर्षकगीतही अर्धेच ऐकले. एका भव्य गाण्यानंतर लगेच दुसरे भव्य गाणे त्याच्या कानांवर आदळते, आणि मग तोच तक्रार करतो की अल्बम जरा एकसुरी आहे!

इथे आलापीचा दाखला देण्याचा मोह होतो. विलंबित ख्यालाचा पहिला अर्धा तास ‘वगळा’ असे आपल्याकडचा रसिक म्हणेल काय, असे विचारून टाळ्या मिळवता येतील. पण तो दाखला आम्ही देणार नाही, कारण तो खोटा आहे. आलापीला रागाची चौकट असते. श्रोता कुठून कुठे चालला आहे हे त्याला ठाऊक असते. ‘मूनचाइल्ड’मध्ये अशी चौकट नाही. त्याचे गोत्र जॅझमध्ये आणि साठीच्या दशकात लंडनमध्ये एएमएमसारखे गट जे मुक्त वादन करीत होते त्याच्या आसपास शोधावे लागेल.

आणि तिथूनच या वादनावर खरा, वजनदार आक्षेपही घेता येतो. एएमएमचा पहिला अल्बम १९६७ चा. त्याच्याशेजारी ठेवले तर ‘मूनचाइल्ड’ फार सभ्य वाटते. वादक एकमेकांना अडवत नाहीत, धक्का देत नाहीत, जोखीम घेतल्यासारखे करून सुरक्षित अंतरावर राहतात. असे कोणी म्हटले तर आम्ही खुर्ची पुढे ओढून ऐकू, कदाचित अर्धे मान्यही करू. कारण त्या मतात कृतीकडे पाहणे आहे, तुलना आहे, कारण दिलेले आहे, आणि म्हणून त्याचा प्रतिवाद करता येतो. ‘कंटाळा आला’ याचा प्रतिवाद कसा करणार? तो श्रोत्याच्या प्रकृतीविषयीचा तपशील आहे. अल्बमविषयी त्यात अवाक्षर नाही.

आम्ही हे समीक्षकांची पगडी घालून बोलतो आहोत असा समज नको. व्यावसायिक समीक्षकांनीही या अल्बमबाबत काही दिवे लावलेले नाहीत. ‘द हू’चा पीट टाउनशेंड याने त्याला विलक्षण कलाकृती मानले, तर न्यूयॉर्कचे रॉबर्ट ख्रिस्तगौ यांनी नकली ठरवून ‘डी अधिक’ अशी शाळकरी श्रेणी दिली. एका वादकाने ऐकले आणि एका परीक्षकाने पेपर तपासला, एवढाच निष्कर्ष आम्ही त्यातून काढतो. पेपर तपासण्याची ती सवय आता प्रत्येक श्रोत्याला लागली आहे. आम्हा प्राध्यापकांनाही सत्राच्या शेवटी विद्यार्थी एक ते पाच असे गुण देतात. ‘अध्यापन रंजक वाटले काय?’ या रकान्यात मिळालेल्या आकड्यावरून आमचे मर्ढेकर कसे झाले हे ठरते. असो.

दुःख याचे की आपल्याच क्षेत्रातले काही विद्वान या आकडेमोडीला सिद्धान्ताची झूल पांघरतात. वाचककेंद्री समीक्षा आली, आता अर्थ वाचकाचा, म्हणून प्रत्येक प्रतिसाद सारखाच मोलाचा, अशी त्यांची मांडणी असते. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ येथे जे व्याख्यान दिले त्यात असे काहीही नव्हते. अपेक्षांच्या क्षितिजाची त्यांची कल्पना वाचकाला मोकाट सोडणारी नाही, उलट त्याच्यावर काम लादणारी आहे. कृती अवतरली तेव्हा लोक कशाची अपेक्षा करीत होते, तिने ती कुठे मोडली, आणि मोडलेली अपेक्षा पुढे रूढी कशी झाली, याचा शोध घ्यावा लागतो. त्या दृष्टीने ‘मूनचाइल्ड’ हा उत्तम अभ्यासविषय आहे. अल्बममधली इतर चारही गाणी रूढी होऊन बसली. ‘स्किझॉइड मॅन’चा तुकडा कान्ये वेस्टने २०१० मध्ये ‘पॉवर’मध्ये वापरला, शीर्षकगीत २००६ च्या ‘चिल्ड्रेन ऑफ मेन’ या चित्रपटात वाजले. ‘मूनचाइल्ड’ मात्र अजूनही टोचते. पंचावन्नाहून अधिक वर्षांनी जे टोचते त्याला एक तारा कमी द्यायचा, याला प्रतिसाद कसे म्हणावे?

आमच्या विरोधकांच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण आम्हीच काढून दाखवतो. २००९ मध्ये अल्बमची चाळिशी साजरी करताना स्टीव्हन विल्सन आणि स्वतः फ्रिप यांनी मूळ ध्वनिफितींवरून नवे मिश्रण तयार केले. त्यात ‘मूनचाइल्ड’मधले सुमारे तीन मिनिटांचे वादन कापण्यात आले. निर्मात्यानेच कात्री लावली, मग तुम्ही कोण, असे आम्हाला विचारले जाते. आमचे म्हणणे असे की तेवीस वर्षांच्या फ्रिपने ते वादन केले आणि त्रेसष्ट वर्षांच्या फ्रिपने ते ऐकले. दुसऱ्या प्रसंगी तो या अल्बमचा एक श्रोता होता. जाणकार खरा, पण श्रोताच, आणि चाळीस वर्षे इतर श्रोत्यांची कुरकुर कानांवर पडलेला. कवीने आपल्या जुन्या संग्रहाची सुधारित आवृत्ती काढली म्हणून आपण मूळ संहिता रद्दीत घालत नाही. दोन्ही समोर ठेवून काय गेले आणि का गेले, हे विचारतो. संहिताचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्या चाळिशीच्या आवृत्तीत बारा मिनिटांचे संपूर्ण ‘मूनचाइल्ड’ही दिलेले आहे. ते शीर्षकगीत संपल्यानंतर येते, जादा गाणे म्हणून.